तुर्की नाम : विभक्ती आणि स्वामित्वदर्शक प्रत्यय

तुर्की भाषेत नामाला लिंग नाही. त्यामुळे ‘माझा, माझी, माझे’ असा भेद तेथे उद्भवतच नाही. मराठीत ‘घर’ या शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे ‘घरा’ असे सामान्यरूप होते. तुर्की नामाचे मूळ रूप मात्र बहुधा तसेच राहते आणि त्यापुढे प्रत्यय एकामागून एक जोडले जातात.

‘एव्’ म्हणजे घर. त्याची विभक्तिरूपे अशी : एवि (निश्चित कर्म म्हणून ‘घर’), एवे (घराकडे), एव्दे (घरात), एव्देन (घरातून), एविन (घराचा, घराची, घराचे). प्रत्ययातील स्वर नामाच्या अखेरच्या स्वराशी जुळवून घेतो. ‘ओकुल’ म्हणजे शाळा. म्हणून ‘शाळेत’ याला ‘ओकुल्दा’ म्हणतात, ‘ओकुल्दे’ नव्हे.

आता स्वामित्व पाहू. एविम (माझे घर), एविन (तुझे घर), एवि (त्याचे किंवा तिचे घर), एविमिझ (आमचे किंवा आपले घर), एविनिझ (तुमचे घर). प्रत्ययांचा क्रम ठरलेला आहे : प्रथम वचन, मग स्वामित्व, शेवटी विभक्ती. एव्-लेर-इम-दे, म्हणजे ‘माझ्या घरांमध्ये’.

‘आयशेचे घर’ म्हणावयाचे असल्यास दोन्ही नामांना प्रत्यय लागतो : ‘आयशेनिन एवि’, शब्दशः ‘आयशेचे तिचे-घर’. मराठीच्या सवयीने कोणी ‘आयशेनिन एव्’ म्हणेल, तर प्रमाण भाषेत ते अशुद्ध ठरेल.

‘एवि’ आणि ‘एविन’ ही रूपे वर दोनदा आली, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तृतीय पुरुषाच्या स्वामित्वप्रत्ययापुढे विभक्ती आली की मध्ये ‘न’ येतो. म्हणून ‘एव्दे’ म्हणजे नुसते ‘घरात’, तर ‘एविन्दे’ म्हणजे ‘त्याच्या घरात’. परंतु ‘तुझ्या घरात’ हेही ‘एविन्दे’च! संदिग्धता टाळण्यासाठी आधी ‘सेनिन’ (तुझ्या) किंवा ‘ओनुन’ (त्याच्या, तिच्या) हे सर्वनाम घालतात. ‘एव्लेरिन्दे’ या एका रूपाचे तर चार अर्थ संभवतात : तुझ्या घरांमध्ये, त्याच्या घरांमध्ये, त्यांच्या घरात, त्यांच्या घरांमध्ये. अनुवादकाने येथे घाई केल्यास एकाचे घर दुसऱ्याच्या नावावर चढते. प्रत्यय रूप सांगतात. मालक कोण, हे पुष्कळदा मागील-पुढील वाक्येच सांगतात.

स्वाध्याय : ‘ओकुलुम्दान’ या रूपाची फोड करा व अर्थ सांगा.

उत्तर : ओकुल-उम-दान, ‘माझ्या शाळेतून’.