व्यावसायिक लेखक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : निवड कशी करावी?

बारामती परिसराला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. येथील कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर ऊसशेतीसाठी या तंत्राचा प्रयोग झाला. २०२५ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याची जाहीर दखल घेतली आणि बारामतीच्या उसाची चर्चा दूरवर पोहोचली. उसाला पाणी केव्हा द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊ लागला. त्याच मोबाइलवर आज दुसरेही एक यंत्र आहे. त्याला विषय सांगितला, की ते क्षणात बातमी, भाषण, मानपत्र, जाहिरात, एवढेच नव्हे तर कविताही लिहून देते.

लेखन हाच ज्यांचा चरितार्थ आहे, अशा वार्ताहर, अनुवादक, संपादक, गीतकार आणि अभ्यासपुस्तके लिहिणाऱ्यांपुढे या यंत्राने एक कठीण प्रश्न उभा केला आहे. ते वापरावे, तर आपल्या लेखनात आपले काय उरते? न वापरावे, तर जो वापरतो तो अर्ध्या वेळात आणि अर्ध्या मोबदल्यात काम करून देतो, त्याच्यापुढे टिकावे कसे? आपल्या शाळेची मुले उद्या याच व्यवसायांत उतरणार आहेत. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करणे अगत्याचे आहे.

१. यंत्र कशावर चालते?

उसाच्या शेतातील यंत्रणा सल्ला देते, तेव्हा तिच्या मागे मोजमाप असते. जमिनीत बसवलेले सेन्सर ओलावा मोजतात, हवामान केंद्र तापमान व पाऊस नोंदवते, उपग्रहाकडून पिकाची छायाचित्रे येतात. त्या शेताची नोंद आधी होते, सल्ला नंतर मिळतो.

भाषेचे यंत्र निराळे आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून अशी अनेक यंत्रे प्रचारात आली. माणसांनी आजवर लिहिलेला अफाट मजकूर त्यांना शिकवलेला असतो. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यातून ताडून ती वाक्ये जुळवतात. त्यांचा सेन्सर आपल्या मातीत नाही. जे पूर्वी विपुल लिहिले गेले, ते त्यांना चांगले येते. जे थोडे लिहिले गेले, ते थोडे येते. जे कोणी लिहिलेच नाही, तेथे ती सरासरीचा आधार घेऊन रिकामी जागा भरून काढतात, आणि ती अशा सफाईने भरतात की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी यंत्राने सुचवलेले निवाडे न तपासता न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यंत्राने लिहिलेल्या मजकुरावरच पुढचे यंत्र पुन्हा पुन्हा शिकवत गेले तर काय होते, याचा एक अभ्यास २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा स्थितीत ज्या गोष्टी विरळ असतात, त्या यंत्राच्या ज्ञानातून आधी नाहीशा होतात, असे त्यात आढळले. आपल्या वस्त्यांचे जगणे, आपल्या आज्यांची बोली, आपल्या चळवळीच्या गावोगावच्या आठवणी या छापील मराठीत आधीच विरळ आहेत. त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष गंभीर आहे.

२. लेखणी हाती येण्याचा इतिहास

बारामती ही कवी मोरोपंतांची कर्मभूमी. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून त्यांनी निरोष्ठ रामायण रचले, इतके त्यांचे भाषेवर प्रभुत्व होते. मात्र त्याच काळात, त्याच परगण्यात, आपल्या पूर्वजांना अक्षर गिरवण्याचीही मुभा नव्हती. काहींच्या घरी लेखणी पिढ्यान्‌पिढ्या होती. आपल्या हाती ती फार उशिरा आणि फार कष्टाने आली.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक, हा त्या नावाचाच अर्थ. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेव्हा सहाय्यकांअभावी रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. मदत त्यांनी कधी नाकारली असे नाही. दिल्लीत नानकचंद रत्तू त्यांचे लेखन टंकलिखित करून देत. परंतु ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, आयुष्याच्या अखेरच्या रात्री, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत त्यांनी आपल्याजवळ मागवून घेतली. टंकन दुसऱ्याचे असले, तरी अखेरचा शब्द कोणता ठेवायचा हे ठरवण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवले.

नीरा नदी ओलांडली की फलटण. तेथे बेबीताई कांबळे यांचे छोटेसे दुकान होते. सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आपले लिखाण दडवून ठेवत. सुमारे वीस वर्षे ते तसेच राहिले. पुढे ‘स्त्री’ मासिकातून ते प्रकाशात आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. याच बेबीताईंनी फलटणजवळ मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली. त्यांनी लिहिले नसते, तर महारवाड्यातील बायकांचे ते जगणे कोणत्याही ग्रंथालयात नसते. आणि जे ग्रंथालयात नाही, ते आजच्या यंत्रातही नसते. उसाच्या शेतात जे काम सेन्सर करतो, ते काम समाजाच्या जगण्यात लेखक करतो. तो प्रथम नोंद घेतो. त्याच्याशिवाय यंत्राजवळ सांगण्यासारखे काही नसते.

३. इतरत्र लेखकांनी काय ठरवले?

अमेरिकेत चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी लिहिणाऱ्या सुमारे ११,५०० लेखकांच्या संघटनेने २०२३ साली १४८ दिवस संप केला. मानधनाच्या मागण्यांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्ता हाही संपाचा विषय होता. झालेल्या करारात पुढील गोष्टी मान्य झाल्या. कंपनी लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करणार नाही. लेखकाला ते वापरायचे असेल, तर कंपनीच्या संमतीने वापरता येईल. लेखकाच्या हाती दिलेला मजकूर यंत्राने तयार केलेला असल्यास कंपनी तसे सांगेल. यंत्रावर बंदी आली नाही, पण निवड लेखकाची राहिली.

जपानमध्ये रिए कुदान या लेखिकेला जानेवारी २०२४ मध्ये प्रतिष्ठेचा अकुतागावा पुरस्कार मिळाला. कादंबरीचा सुमारे पाच टक्के मजकूर यंत्राच्या शब्दांत जसाच्या तसा आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यावर वाद झाला. तरीही वाचकांना निर्णय घेता आला, कारण लेखिकेने काही लपवले नव्हते.

४. निवडीच्या तीन कसोट्या

या सर्वांतून व्यावसायिक लेखकासाठी तीन प्रश्न निघतात. प्रत्येक काम हाती घेताना ते स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न : हे काम हाताचे आहे की साक्षीचे? बोललेले मराठी टंकित करून घेणे, शुद्धलेखन पाहणे, लांबलचक शासन निर्णयाचा गोषवारा काढणे, इंग्रजी पत्राचा कच्चा मसुदा करणे ही हाताची कामे. ज्यांच्या घरात शिकलेली पहिलीच पिढी आहे, किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना यात यंत्राचा मोठा आधार होतो. तो घेण्यात कमीपणा नाही. मात्र आपण पाहिले, ऐकले, सोसले ते सांगणे ही साक्ष आहे, आणि साक्ष दुसऱ्याकडून देववता येत नाही.

दुसरा प्रश्न : यातील प्रत्येक वाक्याबद्दल मी उत्तर देऊ शकतो का? लेखाखाली नाव आपले असते. चुकीची तारीख, न घडलेला प्रसंग किंवा न उच्चारलेले उद्गार छापले गेले, तर वाचक यंत्राकडे जाणार नाही, आपल्याकडे येईल.

तिसरा प्रश्न : मी हे उघडपणे सांगू शकतो का? ज्याने काम दिले त्याला आणि जो वाचणार त्याला यंत्राचा वाटा सांगताना संकोच वाटत असेल, तर तो वाटा अधिक झाला असे समजावे. मुसावादापासून दूर राहण्याचे शील लेखणीलाही लागू आहे. शिवाय अन्यायग्रस्ताने विश्वासाने सांगितलेली हकिकत त्याच्या संमतीवाचून यंत्रात घालणे हा त्या विश्वासाचा भंग आहे.

५. एक उदाहरण

समजा, इंदापूर तालुक्यातील एका व्यावसायिक लेखकाला एका कुटुंबाने आजीची स्मृतिपुस्तिका लिहिण्याचे काम दिले. आजीचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेले. यंत्राला सांगितले तर ते कष्टाळू, प्रेमळ, जात्यावर ओव्या गाणारी आजी पानभर उभी करील. कुटुंबाला ते आवडेलही. पण ती आजी कोणाचीच नसेल.

दुसरा मार्ग वेळ घेणारा आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तशा एखाद्या दिवशी लेखकाने आजीच्या वयाच्या एखाद्या बाईला काठावर नेऊन विचारावे. आपली वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला होती? पाणी कोणत्या विहिरीचे भरत होतात, आणि कोणत्या विहिरीवर जाता येत नव्हते? ज्यांना जमीनच नव्हती, त्यांना गाव सोडताना काय मिळाले? घरातले काय बरोबर आणले आणि काय मागे राहिले? ही उत्तरे आजवर कोठे लिहिलेली नाहीत. ती ध्वनिमुद्रित करावीत, मग टंकनासाठी यंत्राची मदत खुशाल घ्यावी, आणि प्रत्येक शब्द पुन्हा ऐकून ताडून पाहावा.

या कामाला दिवस लागतील आणि त्याचा मोबदलाही अधिक मागावा लागेल. तो मागताना लेखकाने स्पष्ट सांगावे, की यंत्राला जे ठाऊक नाही ते शोधून आणण्याचे हे मोल आहे. स्वस्तात लिहिणाऱ्यापुढे टिकण्याचा खात्रीचा मार्ग हाच दिसतो. जे यंत्र क्षणात करते, त्यात त्याच्याशी स्पर्धा करून लेखकाचे पोट भरणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना शेवटी एक विनंती आहे. येत्या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ मुलांना तासभर बसवावे आणि ऐकलेले त्यांनी प्रथम आपल्या हाताने, आपल्या घरच्या बोलीत वहीत उतरवावे. यंत्र वापरायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे. वही भरलेली असली, म्हणजे तो निर्णय घेणे फारसे अवघड जाणार नाही.