मोटारीस दुरून हुकूम

रात्रपाळीची वीज आली कीं अंधारांत विहीर गांठावी लागते व विंचूकाट्याचें भय असतें. त्यावर मोबाईल स्टार्टर हा चांगला उपाय होय. त्याच्या पेटींत सिमकार्ड व एक लहानसा संगणक असतो. आपल्या फोनवरून हुकूम गेला म्हणजे तो प्रथम तिन्ही फेज व व्होल्टेज तपासतो, मगच मोटार सुरू करतो आणि उलट टपालीं स्थिति कळवितो. विहीर आटल्यास मोटारीचा विद्युत्प्रवाह उतरतो. तें ओळखून तो मोटार बंद करतो.

परंतु एक गोष्ट आम्ही अनुभवानें सांगतों. आमचा गडी मोटारीच्या वायरी उघडून बसला असतां मुलानें घरून हुकूम सोडला. गड्यानें तिन्ही फ्यूज काढून खिशांत ठेवले होते, म्हणूनच तो वांचला. पेटीस व्होल्टेज दिसतें, माणूस दिसत नाहीं.

सबब शेतकरी बंधूंनीं मोटारीस हात लावण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा व फ्यूज स्वतःजवळ ठेवावेत. पेटींत घरच्या जबाबदार माणसांचेच क्रमांक नोंदवावेत, आणि कारखान्यांतून आलेला संकेतांक पहिल्याच दिवशीं बदलावा.