जुन्या वाड्याचे नवे पाहुणे

प्रवरा नदी सह्याद्रीच्या कुशीत, रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याच्या जलाशयातून बाहेर पडून ती अकोले, संगमनेर ही गावे मागे टाकीत पूर्वेकडे वाहते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. कालव्यांतून पाणी खेळू लागले आणि या खोऱ्यातील काळ्या जमिनीत ऊस डोलू लागला. याच खोऱ्यात, राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरा हे गाव आहे. पूर्वीचा अहमदनगर जिल्हा तो हा. 2024 साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले.

या भागातील जुनी माणसे गावाचे दोन भाग मानीत: एक काळी व दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे घरांची वस्ती. काळीत धान्य पिकावे आणि पांढरीत ते साठवावे, दळावे, रांधावे व आल्यागेल्यास वाढावे, असा हा जोडसंसार होता. पांढरीतील मोठे घर म्हणजे वाडा.

प्रवराकाठच्या अशा वाड्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असे. जोते दगडाचे, भिंती हात-दीड हात रुंदीच्या, आणि समोर भक्कम दरवाजा. त्या दरवाजातच एक लहान दार असे. त्यास दिंडी दरवाजा म्हणत. आत शिरताच ढाळज लागे. वाटसरूने येथे टेकावे, पाणी प्यावे, गावकऱ्यांनी येथे बसून बोलणी करावी. पुढे उघडा चौक, चौकात तुळशीवृंदावन, भोवती ओसरी, तिच्या आत माजघर आणि देवघर. धान्य साठविण्यासाठी भिंतीत किंवा जमिनीखाली बळद असे. घरावर माळवद असे. भक्कम तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचे जाड थर, असे ते सपाट छप्पर होय. त्यामुळे वैशाखातही माजघर गार राही. मात्र दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावरील गवत काढावे लागे व मातीचा नवा थर देऊन ती चोपावी लागे.

ही वार्षिक चाकरी हाच वाड्याचा प्राण होता. पुढे काळ बदलला. एकत्र कुटुंबे विभक्त झाली. मुले शिकली आणि पुण्या-नाशकास नोकरीला गेली. जी गावात राहिली, त्यांनी रस्त्याच्या कडेला किंवा मळ्यात सिमेंटची घरे बांधली. वाड्याला कुलूप लागले. कुलूप लागलेल्या वाड्याच्या माळवदावर कोण चढणार? एका पावसाळ्यात एक थेंब गळतो, दुसऱ्या पावसाळ्यात तुळई कुजते आणि काही वर्षांनी भिंत खचते. मग कोरीव खांब व दरवाजे विकले जातात आणि मागे मातीचा ढिगारा उरतो. वाड्याबरोबर त्याचे शब्दही जातात. ज्या मुलाने ढाळज पाहिली नाही, त्याला तो शब्द तरी कोठून ठाऊक असणार?

तेव्हा प्रश्न असा की, असे घर वाचवावे कसे? केवळ आठवण म्हणून त्याची डागडुजी करणे फार थोड्यांना परवडते. घर वाचावयाचे असेल, तर त्याला पुन्हा काम मिळाले पाहिजे. देशात आणि परदेशात कित्येक कुटुंबांनी आपल्या जुन्या घरात पाहुण्यांना राहण्याची सोय करून हा प्रश्न सोडविला आहे. पाहुणा भाडे देतो; त्या पैशातून घराची निगा राहते.

ही कल्पना नवी वाटली, तरी तिचे मूळ जुने आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरपुरास जाते. दिंडी मुक्कामास आली, म्हणजे वाटेवरील घरे वारकऱ्यांसाठी उघडतात आणि चुलीवर भाकऱ्या भाजल्या जातात. ज्यांच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म 1725 साली याच जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. पुढे त्यांनी भारतभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. अनोळखी माणसाला निवारा देणे हे त्यांनी राज्यकारभाराचेच एक अंग मानले.

अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 पर्यंत राज्य केले. नर्मदेच्या काठी महेश्वर ही त्यांची राजधानी होती. तेथील किल्ल्यात त्यांचा वाडा अजून उभा आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या स्वामिनीचा वाडा, पण त्यात भपका नाही. लाकडी खांबांची ओसरी आणि मध्ये चौक असे त्याचे साधे मराठी रूप आहे. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणचे विणकर महेश्वरात आणून वसविले. किल्ल्याच्या भिंतींवरील आणि घाटांवरील नक्षी या विणकरांनी लुगड्यांच्या काठांवर उतरविली. नर्मदेच्या लाटाही काठांवर आल्या. महेश्वरी लुगडे देशभर प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे हातमाग मागे पडले. माग बंद पडू लागले आणि विणकर दुसरी कामे शोधू लागले. तेव्हा होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी 1978-79 च्या सुमारास महेश्वरात 'रेहवा' ही संस्था सुरू केली. रेवा हे नर्मदेचेच नाव. त्यावरूनच हे नाव आले. थोड्याशा मागांवर स्त्रियांना विणकाम शिकविण्यात आले आणि हळूहळू महेश्वरी वस्त्राला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. त्यानंतर वीस-एक वर्षांनी, 2000 साली, रिचर्ड होळकर यांनी किल्ल्यातील आपल्या घराण्याच्या वास्तूचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला केला. पाहुणे तेथे राहतात, घाटावर उतरतात आणि जवळच चाललेल्या मागांचा खडखडाट ऐकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महेश्वरात आधी माग सुरू झाले आणि पाहुणे मागाहून आले. गावात काम जिवंत होते, म्हणून पाहुण्याला पाहण्याजोगे, विकत घेण्याजोगे आणि शिकण्याजोगे काही होते.

कोकणातील सावंतवाडीस हेच घडले. तेथील राजवाडा जांभ्या दगडाचा आहे. खेम सावंत तिसरे यांच्या राजवटीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो बांधला गेला. सावंतवाडीची खरी कीर्ती तेथील चितारी कारागिरांची. लाकडी खेळण्यांबरोबर ते गंजिफाही रंगवीत. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण 120 पाने होतात. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान तयार करीत, मग त्यावर नाजूक कुंचल्याने चित्र काढीत आणि लाखेचा हात देऊन ते चकचकीत करीत. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा एवढ्या मेहनतीचे पत्ते घेणार कोण? 1970 च्या सुमारास ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध कलावंत तेवढे उरले होते.

त्यांच्यानंतर ही विद्या संपणार, हे उघड होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः त्यांचे शिष्यत्व पत्करले. राजाने कारागिराजवळ बसून कुंचला धरावा, असा तो प्रसंग! स्वतः शिकून त्यांनी ती कला गावातील तरुणांना शिकविली. राजवाड्याच्या दरबारात आता तलवारींऐवजी कुंचले व रंगांच्या वाट्या दिसू लागल्या. या घराण्याच्या पुढच्या पिढीने, 2020 नंतरच्या वर्षांत, वास्तूचा काही भाग पाहुण्यांच्या मुक्कामासाठी सजविला. तेथील सजावटही गंजिफाच्या चित्रांची आहे, आणि ती स्थानिक कारागिरांच्या हातची आहे. येथेही आधी कला वाचली, मग पाहुणे आले.

हे दोन्ही राजघराण्यांचे वाडे. साध्या शेतकऱ्याच्या घराला हे जमेल काय? याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातच मिळते. अकोले तालुक्यात डोंगरांच्या कुशीत पुरुषवाडी हे आदिवासी गाव आहे. गेल्या काही वर्षांत तेथील कुटुंबांनी एका पर्यटन-संस्थेच्या साहाय्याने आपल्या मातीच्या घरांत पाहुण्यांना ठेवण्यास आरंभ केला. मृगाच्या आधीच्या रात्री झाडाझाडांवर काजवे लुकलुकतात. ते पाहण्यासाठी शहरांतून माणसे येतात. पाहुणा घरातलीच भाकरी खातो, यजमानाबरोबर शेतावर जातो आणि भाताची लावणी कशी होते ते पाहतो. येथे राजवाडा नाही, गंजिफा नाहीत. पण शेती आहे, आणि ती करणारी माणसे घरात आहेत. तीच पाहुण्याला ओढून आणतात.

आता देवळाली प्रवरेसारख्या गावातील वाड्याचा विचार करावा. शिर्डी व शनिशिंगणापूर ही क्षेत्रे याच परिसरात आहेत. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, जेथे गीतेवरील आपली टीका सांगितली, ते नेवासेही याच प्रवरेच्या काठी आहे. यात्रेकरूंच्या गाड्या रात्रंदिवस रस्त्याने धावतात. त्यांतील चार माणसांनी गावात एक रात्र काढावी असे वाटत असेल, तर त्यांना दाखविण्यासारखे, खाऊ घालण्यासारखे आणि सांगण्यासारखे गावात पुष्कळ आहे. बाजरीची भाकरी व वांग्याचे भरीत, हिवाळ्यातील हुरडा, उसाचा ताजा रस, जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, जात्याची घरघर, एकादशीचे भजन ही सारी येथील रोजची संपत्ती आहे. ती विकत आणावी लागत नाही. फक्त तिला कमी लेखू नये.

पण आरंभ दुरुस्तीपासून करावा लागतो, आणि तेथे घाई चालत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचे जड थर कोसळून हजारो माणसे दगावली. म्हणून जुन्या घरात परक्या माणसाला झोपविण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून तुळया व भिंती तपासून घ्याव्यात, माळवदावरील मातीचा भार कमी करावा आणि भिंती बांधून घ्याव्यात. न्हाणीघर व शौचकूप स्वच्छ हवे. पिण्याचे पाणी शुद्ध हवे. वाड्याचे वारस अनेक असतील, तर सर्वांची लेखी संमती हवी. शासनाचेही साहाय्य होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे, आणि 2020 साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे.

दुरुस्ती करताना जुने तेवढे काढून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. ढाळजेत काचेचे दार बसविले, ओसरीवर रंगीत फरशी घातली आणि माजघराचे नाव बदलले, तर पाहुण्याला शहरातलीच खोली मिळेल. उलट, केवळ देखावा म्हणून रिकामे जाते कोपऱ्यात मांडून ठेवले, तर तेही खोटेच. जाते असेल, तर त्यावर दळण दळले जावे. देवघर असेल, तर तेथे घरच्याच माणसाने दिवा लावावा. पाहुण्याला सर्व घर मोकळे असावे असेही नाही. माजघरातील आजीला दुपारी डोळा लागला असेल, तर तो उंबरठा पाहुण्याने ओलांडू नये. पाहुण्याचा मान राखावा, आणि घरानेही आपला मान राखावा.

असे झाले, तर लाभ एका कुटुंबाचाच होत नाही. तुळई बदलणाऱ्या सुताराला काम मिळते, माठ घडविणाऱ्या कुंभाराला गिऱ्हाईक मिळते, भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला दाम मिळतो. परगावी गेलेल्या मुलांपैकी एखादा सणाला येतो, वाडा उघडा पाहतो आणि येथेच राहून काही करता येईल असा विचार करू लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी शिडी लावून पुन्हा माळवदावर चढते, गवत उपटते आणि माती चोपते. वाडा जगण्यासाठी एवढेच लागत असते. आणि ते करावेसे वाटण्याला काही कारण मिळावे, म्हणूनच पाहुण्यांसाठी दार उघडावयाचे.

स्वाध्याय

1. 'काळी' आणि 'पांढरी' या शब्दांचे अर्थ सांगा.
2. माळवदाची दर वर्षी कोणती निगा राखावी लागे? ती न राखल्यास काय होते?
3. महेश्वर व सावंतवाडी येथे पाहुणे येण्यापूर्वी कोणते काम सुरू झाले होते? त्याचा काय उपयोग झाला?
4. 'पाहुण्याचा मान राखावा, आणि घरानेही आपला मान राखावा,' याचा अर्थ स्पष्ट करा.
5. आपल्या गावातील एखादे जुने घर पाहा. त्याच्या भागांची नावे वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून काढा.