थेंब पकडताना

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! हॉस्टेलचा गळका नळ, खाली ताटात पाणी, हातात बाबांचा कॅमेरा. पहिले साठ फोटो नुसते पांढरे फराटे. मग फिजिक्स आठवलं. ४० सेंमी वरून पडलेला थेंब पाण्यापाशी सेकंदाला २.८ मीटर वेगाने येतो. १/२०० सेकंदात १४ मिमी सरकतो. फराटा येणारच ना! थेंब शटरने नाही, फ्लॅशने थांबतो. खोलीत अंधार करा, फ्लॅशची पॉवर सगळ्यात कमी ठेवा. मग लखलखाट साधारण १/२०,००० सेकंदाचा. तेवढ्यात थेंब जेमतेम ०.१४ मिमी हलतो. हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट फ्लॅशनेच टिपला. फोकससाठी थेंब पडतो तिथे पेन धरा, हाताने फोकस करा, पेन काढा. एकसष्टाव्या फोटोत अर्धा मुकुट आला! नळाची तक्रार रजिस्टरमध्ये मीच लिहिली होती. वॉर्डन सर, प्लंबरला रविवारनंतर बोलवा, प्लीज.