जुन्या फितींचे डीव्हीडीवर संक्रमण : चित्र, ध्वनी आणि जागेचा हिशेब

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांतील घरांतून व शाळांच्या कपाटांतून व्हीएचएस फिती अद्याप पडून आहेत. कुठे हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या वृद्धांच्या आठवणी आहेत, कुठे कीर्तन, कुठे मैलारच्या खंडोबाची यात्रा. बोलणारे अनेकजण आज हयात नाहीत. फितीवरील चुंबकीय लेप वर्षानुवर्षे क्षीण होत जातो आणि ती चालविणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलै महिन्यात अशा यंत्रांचे उत्पादन थांबविले, तेव्हा नवे यंत्र मिळण्याची आशा संपली. म्हणून शिक्षकांनी व ग्रंथालयांनी या फिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये. मूळ उतारा मोठ्या हार्डडिस्कवर जपावा. गावोगाव दाखविण्यासाठी मात्र डीव्हीडी अजूनही सोयीची आहे. अडचण येते ती लांब ध्वनिचित्रण एका तबकडीत बसविताना.

डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते आणि आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. ती जशीच्या तशी नोंदविली तर दर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट जागा लागेल व तबकडी पाच-सहा मिनिटांतच भरेल. त्यामुळे संगणक चित्र आक्रसून घेतो. आक्रसलेल्या चित्रध्वनीला दर सेकंदाला किती जागा द्यावयाची, त्या प्रमाणास बिटरेट म्हणतात. प्रमाण जास्त तर चित्र स्वच्छ, पण मिनिटे कमी. प्रमाण कमी तर मिनिटे पुष्कळ, पण चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळे दिसू लागतात.

एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट म्हणजे ३७,६०० मेगाबिट मावतात. सूचीपृष्ठ व इतर बांधणीसाठी थोडी जागा राखली की ३६,००० उरतात. यावरून सोपे सूत्र निघते : ६०० या संख्येला एकूण मिनिटांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे चित्र व ध्वनी मिळून दर सेकंदाचे मेगाबिट. दोन तासांच्या चित्रणास ५, तीन तासांच्या चित्रणास ३.३३. दुहेरी थराच्या ८.५ गिगाबाइटच्या तबकडीसाठी ६०० ऐवजी १,०८० धरावेत.

येथे प्रस्तुत लेखकाची एक चूक सांगणे उपयोगी ठरेल. एका सत्कारसभेचे १६० मिनिटांचे चित्रण तयार करताना संगणकाने फाइलचा आकार ४.६ दाखविला, तेव्हा ४.७ मध्ये तो सहज बसेल असे मी गृहीत धरले. शेवटची काही मिनिटे कापून तबकडी केली तेव्हाच ती बसली. आणि नेमके त्या मिनिटांत सत्कारमूर्तींचे भाषण होते! तबकडीचा उत्पादक एक हजाराच्या पटीने मोजतो, तर अनेक संगणक १,०२४ च्या पटीने. त्यामुळे पूर्ण भरलेली डीव्हीडी अशा संगणकाला सुमारे ४.३८ एवढीच दिसते. खूण म्हणून ४.३ हीच मर्यादा मानावी.

आता ध्वनीकडे वळू. त्याच १६० मिनिटांचे उदाहरण घेतले तर ६०० भागिले १६०, म्हणजे ३.७५ मेगाबिट मिळतात. ध्वनी न आक्रसता ठेवला तर तो एकटाच सुमारे १.५ मेगाबिट खातो. आक्रसून १९२ किलोबिटवर आणला, तर ०.२ पुरतात व बोलणे स्पष्ट राहते. आपल्या भागासाठी याचे महत्त्व मोठे आहे. डीव्हीडीत एका चित्रासोबत आठपर्यंत ध्वनिमार्ग ठेवता येतात. मूळ मराठी भाषणाबरोबर कन्नड भाषांतर वाचून ध्वनिमुद्रित केले, तर त्याची किंमत केवळ आणखी ०.२ मेगाबिट. चित्रास ३.३५ उरतात आणि तीच तबकडी मराठी व कन्नड अशा दोन्ही शाळांत चालते. ही कल्पना या भूमीला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेडीही होती आणि उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय होती. जागा वाचविण्यासाठी दुसरी भाषा वगळणे हा माझ्या मते सर्वांत चुकीचा काटकसरीचा मार्ग आहे.

चित्राचे ३.३५ मेगाबिट प्रत्येक सेकंदाला सारखेच वाटावेत असे नाही. खुर्चीत बसून बोलणाऱ्या वृद्धाचे चित्र फारसे हलत नाही. त्याला थोडे पुरतात. याउलट मैलारच्या यात्रेत भंडारा उधळला जातो तेव्हा प्रत्येक कण क्षणोक्षणी जागा बदलतो आणि संगणकाला मागचे चित्र पुढे वापरताच येत नाही. म्हणून दोन फेऱ्यांची पद्धत निवडावी. पहिल्या फेरीत संगणक सर्व चित्रण पाहून कोठे किती निकड आहे ते नोंदवितो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो. पाटाचे पाणी सोडण्यापूर्वी वाफे पाहून घ्यावेत, तसेच हे. सरासरी ३.३५ व कमाल ८ ठेवावी. नियमानुसार चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, परंतु साध्या तबकड्यांवर जुनी यंत्रे तेथे अडखळतात. याच कारणाने तासाभराच्या चित्रणासही, सूत्राने १० आले तरी, ८ पेक्षा जास्त देऊ नयेत.

फितीच्या चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी असते, तीही निष्कारण जागा खाते. ती काळ्या रंगाने झाकावी.

चित्राचा वाटा ३ मेगाबिटांखाली गेला, तर रुंदी ३५२ ठिपके करावी. उंची ५७६ च राहू द्यावी. डीव्हीडीला हे मान्य आहे, आणि व्हीएचएस फितीत आडवा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा असल्याने हानी फारशी जाणवत नाही. चार तासांचे चित्रण मात्र एका तबकडीत कोंबू नये. दोन तबकड्या कराव्यात.

पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर काढावी व शाळेतील यंत्रावर लावून पाहावी. प्रारंभ सर्वजण पाहतात. आपण शेवटची दहा मिनिटे आधी पाहावीत, दोन्ही भाषांत.