सणाचा आनंद आणि मनाचा ताण



सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो, घंटा होते, आणि तुम्ही दप्तरें खांद्यावर टाकून शाळेच्या फाटकाबाहेर पडतां, त्या वेळीं तुमच्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसतो तो पाहून आम्हां शिक्षकांनाहि क्षणभर लहान व्हावेंसें वाटतें. परंतु दिवाळीची सुटी संपून तुम्ही परत येतां, तेव्हां चित्र पालटलेलें असतें. कोणाचे डोळे जागरणानें तांबारलेले, कोणाचा घसा बसलेला, कोणाचा सुटींतील अभ्यास अपुरा! आणि तुम्हांला पोंचविण्यास आलेल्या माता तर ‘झाला एकदांचा सण पार पडला’ असें म्हणून सुस्कारा टाकतात. जे दिवस आनंदासाठींच नेमले, त्यांच्याविषयीं ‘पार पडले’ असें म्हणण्याची पाळी आपणांवर कां यावी? या प्रश्नाचा विचार आज करूं.

माझ्या लहानपणची एक दिवाळी मी विसरलों नाहीं. आमच्या चाळींत बारा बिऱ्हाडें होतीं, आणि प्रत्येक घरचें फराळाचें ताट इतर सर्व घरीं जात असे. ताटावर रुमाल झांकलेला असे खरा, पण त्याखालीं काय आहे आणि काय नाहीं, हें कोणापासूनहि लपत नसे. म्हणून आईनें त्या वर्षीं मनाशीं ठरविलें कीं, आपल्या ताटांत एकहि जिन्नस उणा पडतां कामा नये. लाडू, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, चिवडा, आणि सर्वांत शेवटीं अनारसे.

अनारशाचें काम मोठें नाजूक असतें. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचें, मग ते फडक्यावर पसरून जरा ओलसर असतांनाच कुटावयाचे, पीठ बारीक चाळून गुळांत मळावयाचें, आणि तो गोळा चार-सहा दिवस मुरूं द्यावयाचा. त्यानंतर खसखशीवर थापून मंद आंचेवर तुपांत तळावयाचें. गूळ अधिक झाला किंवा घाई केली, कीं अनारसा कढईंत विरतो. आपल्या बायका त्याला ‘अनारसा हंसला’ असें म्हणतात. त्या वर्षीं सर्व कामें एकट्या आईच्या अंगावर पडल्यामुळें उशीर झाला होता. पीठ मुरलें नव्हतें. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं दोन वाजतां मला जाग आली, तों स्वयंपाकघरांत दिवा जळत होता. एकामागून एक अनारसा कढईंत हंसत होता, आणि पदर तोंडाशीं धरून आई रडत होती.

‘आई, काय झालें ग?’ मीं विचारलें.

‘कांहीं नाहीं रे. धूर गेला डोळ्यांत. तूं नीज जा,’ ती म्हणाली; आणि मी खरोखरच जाऊन निजलों.

भाऊबिजेला मामा आले. ओंवाळून झाल्यावर फराळाचें ताट पुढें ओढतांना त्यांनीं सहज विचारलें, ‘ताई, यंदाच्या फराळांतलें तूं काय काय खाल्लेंस?’ आईनें आठवून पाहिलें. पण तिला एकहि पदार्थ सांगतां येईना. मामांनीं तिच्या कपाळाला हात लावला, तों तें तापलेलें होतें. पाडव्यापासून तिला ताप येत होता, आणि आम्हां चार भावंडांपैकीं एकाच्याहि तें ध्यानांत आलें नव्हतें.

आतां या गोष्टीचें कारण शास्त्राच्या दृष्टीनें पाहूं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न झाला असतां शरीर लढण्याची अथवा पळून जाण्याची तयारी करतें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळतें, हृदय जलद चालूं लागतें, स्नायु ताठ होतात व पचनाचें काम मंदावतें. पुढें १९३६ साली मॉन्ट्रियल येथें संशोधन करणारे हान्स सेलिये यांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, त्रासाचें कारण थंडी असो, इजा असो वा अतिश्रम असो, शरीराच्या कांहीं प्रतिक्रिया सारख्याच असतात; आणि तो त्रास दीर्घकाळ टिकल्यास शरीराची शक्ति अखेर क्षीण होते. यालाच आपण आज ताण म्हणतों. वाघ समोर आला तर ही तयारी प्राण वाचविते. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या विचारानें ती पंधरा दिवस रात्रंदिवस चालू राहिली, तर मनुष्य आजारी न पडेल तरच नवल.

यापुढची गोष्ट तुम्हांला अधिक आश्चर्याची वाटेल. १९६७ साली होम्स व राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं मनुष्याच्या आयुष्यांतील ४३ घटनांची एक यादी केली, आणि प्रत्येक घटनेशीं जमवून घेण्यास किती श्रम पडतात त्याप्रमाणें तिला गुण दिले. पति अथवा पत्नी यांच्या मृत्यूला १०० गुण, विवाहाला ५०. आणि त्याच यादींत सुटीला १३ व नाताळाला १२ गुण दिलेले आहेत! म्हणजे दुःखाबरोबर आनंदाचे प्रसंगहि त्यांत आले. कारण उघड आहे. रोजची घडी मोडली, पाहुणे आले, खर्च वाढला, निजण्याउठण्याची वेळ बदलली, कीं घटना सुखाची असली तरी जमवून घ्यावेंच लागतें. नाताळापूर्वीं नेवऱ्या करणाऱ्या किंवा ईदच्या पहाटे शीरखुर्म्याची तयारी करणाऱ्या माउलीला विचारा. तीहि हेंच सांगेल.

मात्र ताण मुळींच नसावा, असें कोणी समजूं नये. तंबोऱ्याची तार सैल असेल तर स्वर निघत नाहीं, आणि फाजील पिळली तर ती तुटते. तार कोठें थांबवावी हें ओळखणें, हीच खरी कला आहे.

सणांत ही तार फाजील पिळली जाण्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें, काम सर्वांचें आणि करणारें माणूस एक. दुसरें, शेजाऱ्याशीं बरोबरी. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. दिवाळी आणि दिवाळें यांत फक्त एका मात्रेचें अंतर आहे! पूर्वीं बरोबरी बारा बिऱ्हाडांशीं असे. आतां मोबाईलवर शेंकडों घरांच्या रांगोळ्या, कपडे व सहली दिसतात, आणि पाहणाऱ्याला आपलें घर उगीचच फिकें वाटूं लागतें. तिसरें कारण झोंपेचें. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्रीं आठ ते दहा तास झोंप हवी असते. ती मोडली कीं चिडचिड वाढते, आणि मग फुलबाजीच्या एका पेटीवरून भावाभावांत महाभारत होतें. रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत आवाजाचे फटाके उडवूं नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००५ साली दिला, त्यांत आजारी व वृद्ध शेजाऱ्यांच्या झोंपेचीहि काळजी आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या घरची पुढच्या वर्षाची हकीकत याहून निराळी आहे. त्या वर्षीं श्रावणांत आजोबा वारले. मृत्यूनंतर पहिल्या वर्षीं घरांत सणाचें तळण करूं नये, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यामुळें कढई फळीवरून खालीं आलीच नाहीं. पण चाळींतील अकराहि घरांतून आमच्याकडे ताटें आलीं, आणि कोणीहि रिकामें ताट परत मागितलें नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आई आमच्याबरोबर उंबऱ्यावर बसून समोरच्या पणत्या पाहत होती. तिनें आम्हांला आजोबांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. मध्येंच तिचे डोळे भरून येत, आणि मध्येंच ती हंसे. सणाच्या संध्याकाळीं आई आमच्याजवळ बसली आहे, असें मीं तोंपर्यंत कधीं पाहिलेंच नव्हतें. त्या वर्षीं घरांत दुःख होतें, पण ताण नव्हता. दुःख वांटून घेतां येतें. ताण मात्र एकटें माणूस मुकाट्यानें सोशीत राहतें.

तिसऱ्या वर्षीं वडिलांनीं नवरात्र संपतांच आम्हां सर्वांना बसवून एका कागदावर कामांची यादी केली. जें करण्यांत कोणालाच गोडी नव्हती, असे दोन पदार्थ त्यांतून खोडून टाकले. खर्चाचा आंकडा आधीं ठरविला, आणि अंथरूण पाहून पाय पसरले. जाळीजळमटें वडिलांकडे, भाजणी दळून आणणें माझ्याकडे, करंज्यांच्या कडा कातणें बहिणींकडे. धाकट्या भावानें अंगणांत मातीचा किल्ला केला व त्यावर अळीव पेरले. त्याला एक पैसाहि लागला नाहीं, आणि चाळींतील सारीं मुलें त्याभोंवतीं जमलीं. अनारशाचे तांदूळ दहा-बारा दिवस आधींच भिजत पडले. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं दहा वाजतां आमच्या स्वयंपाकघरांतला दिवा मालवला होता. तरीहि त्या वर्षीं एक अनारसा कढईंत हंसलाच. पण या खेपेस त्याच्याबरोबर आईहि हंसली.

मुलांनो, या तीन दिवाळ्यांवरून जें शिकावयाचें तें तुम्हीं आतां ओळखलेंच असेल. पालकांनाहि एक विनंती आहे: मुलांना काम सांगण्यास संकोच करूं नका. ज्या सणासाठीं मुलाचे हात राबतात, तोच सण त्याच्या मनांत कायमचा राहतो.

सुटींत पुढील गोष्टी करून पाहाव्या:

१. सुटी लागतांच घरांतील सर्वांनीं मिळून कामांची यादी करावी, आणि प्रत्येक कामापुढें एक नांव लिहावें. आईचें नांव किती वेळां आलें, तें मोजावें.

२. सुटींतील अभ्यास रोजच्या वांट्यानें करावा. गणिताचीं साठ उदाहरणें असतील, तर रोज पांच केल्यानें तीं बारा दिवसांत संपतात. शेवटच्या रात्रीं साठ करूं गेल्यास तीं अश्रूंसह संपतात.

३. राग किंवा घाई अनावर झाली, तर बोलण्यापूर्वीं दहा वेळां सावकाश श्वास घ्यावा, आणि घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ लावावा. त्यानें हृदयाची गति मंदावते.

४. शेजारीं ज्यांच्या घरीं यंदा कढई चढलेली नाहीं, तेथें फराळाचें ताट स्वतः घेऊन जावें, आणि घटकाभर बसून यावें.

५. भाऊबिजेच्या दिवशीं आईला विचारावें, ‘आई, यंदाच्या फराळांतलें तूं काय काय खाल्लेंस?’ ती उत्तर देण्यास अडखळली, तर हा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचावा.