घोसाळे व कोशातकी-वर्ग : नामभेद, संशोधन आणि दक्षता

घोसाळे ही आपल्या परसातील व बाजारातील नित्याची भाजी. नगर-नाशिक भागात तिलाच गिलके म्हणतात. परंतु हिच्याच वर्गातील कडू फळे चरकाचार्यांनी तीक्ष्ण वमनद्रव्ये म्हणून सांगितली आहेत. भाजी व शोधनद्रव्य यांची नावे एकमेकांत मिसळल्याने चिकित्सेत व औषधालयात घोटाळे होतात. म्हणून या वर्गाची ओळख व आधुनिक संशोधनाचा अर्थ यांचा येथे विचार केला आहे.

नाम व ओळख

चरकसंहितेच्या कल्पस्थानात जीमूतकाचे ३९, धामार्गवाचे ६० व कृतवेधनाचे ६० योग आहेत. भावप्रकाशात मात्र धामार्गव हा शब्द महाकोशातकीचा, म्हणजे घोसाळ्याचा पर्याय म्हणून शाकवर्गात येतो व ती स्निग्ध, रक्तपित्तहर सांगितली आहे. घोसाळे हे नावही तेथील ‘घोषक’ या पर्यायाशी नाते सांगते. एकच शब्द एका ठिकाणी वामक, तर दुसऱ्या ठिकाणी पथ्यकर भाजी! म्हणून केवळ संस्कृत नावावर विसंबून द्रव्य घेऊ नये. पुढील लक्षणे पाहावीत.

१) घोसाळे (लुफा सिलिंड्रिका) : फळ गुळगुळीत, उभ्या फिकट रेषांचे, फुले पिवळी, सकाळी उमलणारी, बीज गुळगुळीत व कडेला अरुंद पंख असलेले.

२) दोडका, शिराळे (लुफा अॅक्युटँगुला) : फळावर दहा उठावदार शिरा, फुले सायंकाळी उमलतात, बीज खडबडीत व पंखरहित. याचाच रानटी कडू प्रकार तो कडू दोडका, बहुतेकांच्या मते कृतवेधन.

३) देवडांगरी, देवदाली (लुफा एकिनाटा) : फळ लहान व काटेरी केसांचे, फुले पांढरी, चव अतिशय कडू. हेच जीमूतक मानले जाते.

संशोधन काय सांगते?

भाजीच्या घोसाळ्यात सुमारे ९३ ते ९५ टक्के पाणी असते. ते लघु, मृदू व पचनास सुलभ असल्याने ज्वरोत्तर अवस्थेत व पित्तप्रकृतीस पथ्य म्हणून निःशंक द्यावे.

घोसाळ्याच्या बियांतून ‘ल्युफिन’ नावाची प्रथिने वेगळी केलेली आहेत. ती पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवतात. दोडक्याच्या बियांतील अशाच प्रथिनांचा उंदरांवर गर्भपातक परिणाम आढळला आहे. यास्तव या वर्गाचे बीजचूर्ण गर्भिणीस देऊ नये.

कडू फळांतील वामक-रेचक कर्म प्रामुख्याने ‘कुकुरबिटासिन’ या तिक्त घटकांमुळे होते. शिजवल्याने हे घटक नष्ट होत नाहीत. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्याने एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच घेऊ नये, असा सल्ला दिला. विषबाधेत तीव्र वांती, अतिसार, रक्तस्राव व रक्तदाब घटणे ही लक्षणे होतात. यावर विशिष्ट प्रतिविष नाही. घोसाळे व दोडका यांनाही हाच नियम लागू आहे : कापल्यावर तुकडा चाखावा, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे.

कामला व नाकातील थेंब

कामलेत जालिनीफल नाकावाटे वापरण्याचा संकेत ग्रंथांत आहे. त्याचा आधार घेऊन अनेक गावांत कडू दोडक्याचे किंवा देवडांगरीचे पाणी नाकात सोडतात. नाकातून पिवळे पाणी वाहते व ‘कावीळ उतरली’ असे समजले जाते.

भिंगार येथील माझ्या चिकित्सालयात असाच एक तरुण आला होता. दुसरीकडे थेंब घेऊन तीन आठवडे झाले होते. स्राव भरपूर झाला, नाकातून रक्तही आले. कावीळ मात्र वाढत गेली. मल पांढरट व कंडू तीव्र होता. सोनोग्राफीत पित्तनलिकेत अश्मरी आढळली व त्यास तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले. ही रुद्धपथ कामला होती. मार्गावरोध तपासण्यापूर्वीच तीन आठवडे वाया गेले होते.

काविळीत रक्तरसच पिवळा असतो. क्षोभ झालेल्या श्लेष्मकलेतून झिरपणारा द्रवही पिवळाच दिसणार. तो यकृत सुधारल्याचा पुरावा नव्हे. ब्राझीलमध्ये याच कुळातील लुफा ऑपरक्युलाटा सायनसच्या विकारात नाकात घालतात. २००५ साली तेथे बेडकाच्या टाळूच्या श्लेष्मकलेवर झालेल्या प्रयोगात तिच्या फांटाने श्लेष्मवहन मंदावले व आवरणास इजा झाली.

याउलट, २०१० साली लोणावळ्याच्या सिंहगड औषधनिर्माण संस्थेतील अभ्यासकांनी दोडक्याच्या अर्काचा उंदरांवर यकृतरक्षक परिणाम प्रसिद्ध केला. तो अर्क मुखावाटे दिला होता. त्याचा दाखला नाकातील थेंबांना देणे शास्त्राला धरून नाही.

औषधालयांसाठी

खरेदीच्या बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. ‘कडू दोडकी’ एवढे पुरेसे नाही. देवडांगरीची फळे वैद्याच्या पत्राशिवाय देऊ नयेत. स्नानासाठी घोसाळ्याची वाळकी जाळी विकताना ती वापरानंतर पूर्ण वाळवावी व वरचेवर बदलावी असे सांगावे. ओलसर जाळीत स्यूडोमोनास जंतू वाढून त्वचेपर्यंत पोहोचू शकतात, हे न्यूयॉर्क येथील १९९४ च्या अभ्यासात दिसले आहे.

उपसंहार

घोसाळे हे अन्न आहे. कृतवेधन व जीमूतक ही शोधनद्रव्ये आहेत. शोधन हे रुग्णबल, मात्रा व अवस्था पाहून वैद्यानेच करावयाचे कर्म होय. कामलेच्या प्रत्येक रुग्णात प्रथम बिलिरुबिन, यकृताच्या चाचण्या व आवश्यक तेथे सोनोग्राफी करावी. नंतरच औषधयोजना ठरवावी. परंपरेचा मान राखावयाचा तर तिच्यातील द्रव्य अचूक ओळखणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.